घामाची रेघ

थोरलीच्या लाँड्रीत एक कायदा होता. तो भिंतीवर लिहिलेला नव्हता, कारण थोरलीची शाळा तिसरीतच सुटली होती, आणि लिहिलेल्या कायद्यातून लोक पळवाटा काढतात हे तिला तेवढ्या तीन वर्षांत कळून चुकलं होतं. कायदा असा, की दुपारी चारला बॉयलरची वाफ सोडली की सगळ्यांनी हातातलं टाकून ओळीत उभं राहायचं आणि कपाळ दाखवायचं. ज्याचं कपाळ ओलं त्याला गार लिंबूपाणी. ज्याचं कोरडं तो परत प्रेसवर.

"तोंड खोटं बोलतं, हात खोटं बोलतात," ती म्हणायची. "घाम नाही बोलत."

चार बहिणींत मोठी म्हणून ती थोरली. नवरा गेला तेव्हा घरात कोळशाच्या दोन इस्त्र्या होत्या. आता लांबलचक पत्र्याच्या हॉलमध्ये वाफेच्या सहा प्रेस फुसफुसत होत्या, सकाळी मोठ्या दवाखान्याच्या चादरी यायच्या आणि दुपारी हॉटेलांचे टेबलक्लॉथ, कडक खळ घातलेले, उभे केले तर उभे राहतील असे. हॉलमध्ये इतकी गरमी, की नवीन माणूस पहिल्या दिवशी दोनदा बाहेर जाऊन यायचा आणि दुसऱ्या दिवशी यायचाच नाही. थोरली मात्र दाराजवळच्या उंच स्टुलावर बसून सगळ्यांवर नजर ठेवायची. तिला घाम येत नाही, अशी आख्यायिका होती. ती तिनेच पसरवली होती.

जावई थोरलीच्याच घरात राहायचा आणि सगळ्यात मोठ्या प्रेसवर काम करायचा. लेकीने पसंत केलेला, थोरलीने नापसंत केलेला, आणि दोघींच्या मध्ये घडी घातलेल्या टॉवेलासारखा गप्प. काम चोख, पण घाई म्हणून नाही. एक टेबलक्लॉथ झाला की तो उजेडात धरायचा, उलटा करून बघायचा, मग कोपऱ्याला कोपरा जुळवायचा. थोरलीने त्याचं नाव पाडलं होतं सावकाश. तोंडावर नाही हं. तोंडावर 'जावईबापू', 'अहो', 'तुम्ही'. जावई म्हणजे जावई. शिव्या द्यायच्या त्यासुद्धा अहो-जाहो करून.

तर एका मंगळवारी चारच्या ओळीत ती त्याच्यासमोर आली आणि थांबली. त्याच्या कपाळाची डावी बाजू घामाने चकाकत होती. उजवी बाजू कोरडी ठणठणीत. मधोमध जणू कोणी पट्टी ठेवून रेघ ओढली होती.

थोरलीने मान तिरकी केली. मग दुसरीकडे तिरकी केली. मग तिच्या तोंडावर ते हसू आलं, जे बघितलं की पैलवानसुद्धा पोट आत घ्यायचा. पैलवान म्हणजे दुसऱ्या प्रेसवरचा गडी. त्याला घाम असा यायचा, की त्याच्याखाली बादली ठेवावी.

"जावईबापू," थोरली म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "नळावर जाऊन आलात?"

"नाही, आई."

"मग हे पाणी कुणी शिंपडलं? आणि शिंपडलंत ते शिंपडलंत, अर्ध्याच कपाळावर? अहो, लबाडीसुद्धा पुरती करायचा कंटाळा?"

हॉल हसला. पैलवान तर गुडघ्यावर हात ठेवून हसला.

"मी पाणी लावलं नाही," जावई हळूच म्हणाला. त्याचा उजवा डोळा अर्धवट मिटलेला होता.

"आणि वर मला डोळा मारताय!"

आता तर छप्पर उडायचं बाकी राहिलं. जावयाने रुमालाने तोंड पुसलं आणि लिंबूपाणी न मागता परत प्रेसकडे निघाला. थोरलीने मागून ऐकवलं, "उद्याही असंच अर्धं कपाळ दिसलं तर मोठी प्रेस पैलवानाकडे. तुम्ही घड्या घाला आणि सावलीत बसा. लबाड माणसाच्या हाती मी वाफ देत नाही."

घरी लेकीने ताट आपटलं नाही, पण ठेवलं ते आपटल्यासारखंच.

"सगळ्यांसमोर लबाड म्हणालीस त्याला?"

"लबाडीही त्याने सगळ्यांसमोरच केली."

"महिनाभर त्याचा उजवा खांदा दुखतोय. करंगळीपर्यंत मुंग्या येतात. तुला सांगायचं नाही म्हणून माझ्याकडून वचन घेतलंय त्याने. का, माहीत आहे? आई म्हणतील, कामाची टाळाटाळ."

"म्हटलंच असतं," थोरली म्हणाली आणि जेवली. पण घास नेहमीपेक्षा सावकाश गेला.

दुसऱ्या दिवशी तिने बंदोबस्त केला. हॉलमधला नळ बंद करून त्याची चावी स्वतःच्या खिशात टाकली, स्टूल उचललं आणि थेट मोठ्या प्रेससमोर, जावयापासून दोन हातांवर आणून मांडलं.

"चालू द्या," ती म्हणाली. "मी आज पाहुणी आहे."

जावयाने प्रेस खाली ओढली. वाफ भस्सकन् बाहेर आली. एक टेबलक्लॉथ, दोन, पाच. थोरली पापणी न लवता बघत होती. नवव्या टेबलक्लॉथला त्याच्या डाव्या भुवईवर पहिला थेंब उभा राहिला. मग कानशिलावर. मग नाकाच्या डाव्या बाजूने एक धार हनुवटीपर्यंत गेली आणि टपकन् पडली. सदऱ्याची डावी कॉलर भिजून काळपट झाली. आणि उजवीकडे? उजवीकडे काही नाही. वाफ तीच, प्रेस तीच, माणूस एकच, आणि त्याचा अर्धा चेहरा इस्त्री करून कपाटात ठेवल्यासारखा कोरडा.

थोरली स्टुलावरून उतरली. तिला आठवेना, शेवटची ती कशासाठी अशी उतरली होती.

"हात दाखवा."

"अं?"

"तळवे! तळवे दाखवा!"

त्याने तळवे पुढे केले. डावा ओला, चिकट. उजवा कागदासारखा कोरडा, आणि डाव्यापेक्षा गरम. थोरलीने आधी एक दाबला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. तिच्या अंगावर सर्रकन् काटा आला.

"उजवा डोळा नीट उघडा."

"उघडाच आहे, आई."

"अर्धा मिटलाय."

"मग... मला नाही कळत. मी उघडलाय."

माणूस आजारपणाचं सोंग करील, रडण्याचं करील, झोपेचं तर सगळेच करतात. पण घामाचं सोंग? तेही नाकाच्या मधोमध हद्द आखून? थोरलीने मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारली. उघड नाही मारली. उघड मारायला अजून वेळ होता.

"प्रेस बंद करा," ती ओरडली. "चला!"

"कुठे?"

"डॉक्टरकडे, आणखी कुठे? आणि आज सावकाश नको, काय?"

कोपऱ्यावरचा डॉक्टर भला माणूस होता, पण त्याच्या खोलीत गार हवेचं यंत्र असं घुमत होतं, की आत मासळी ठेवली तर आठवडाभर टिकली असती. पाच मिनिटांत जावयाचा सगळा घाम पळाला. दोन्ही बाजू सारख्याच कोरड्या. डॉक्टरने जीभ बघितली, छाती ऐकली.

"अर्धा घाम?" तो हसला. "मावशी, पंख्याची हवा एका बाजूने लागत असेल. डोळा थकलाय, थेंब घाला. खांद्याला शेक द्या."

"अहो, दोन हातांवरून बघितलंय मी!"

"आता तर काही दिसत नाहीये."

"दिसेल कसं? तुमच्या खोलीत बर्फालासुद्धा पडसं होईल!"

डॉक्टरने थेंब लिहून दिले. थोरली बाहेर पडली ती तळपायाची आग मस्तकात घेऊनच. तिला दोन गोष्टींचा राग होता. एक, कुणी तिला खोटं ठरवलं होतं. दुसरी, काल तिनेही एकाला असंच खोटं ठरवलं होतं, आणि तो एक तिच्या मागून औषधाची चिठ्ठी घडी घालत, कोपऱ्याला कोपरा जुळवत, गप्प चालला होता.

घाम म्हणजे घटकेचा पाहुणा. आला, गेला. पुरावा म्हणून घेऊन कसा जायचा? या विचारात ती मागच्या दाराने हॉलमध्ये शिरली, आणि डागांच्या टबापाशी तिची पावलं खिळली.

टबात दवाखान्याच्या चादरी पडल्या होत्या, आयोडीनच्या तपकिरी डागांनी माखलेल्या. बाजूलाच खळीच्या पिठाचं पोतं. लाँड्रीत नवीन आलेल्या माणसाला थोरली पहिली गोष्ट हीच सांगायची, की हा डाग आणि ही खळ एकमेकांचे सात जन्मांचे वैरी आहेत. एकदा अशीच एक चादर चुकून टेबलक्लॉथांच्या गठ्ठ्यात गेली होती. कोरडी होती तोवर काही झालं नाही. वाफ लागली मात्र, आणि चाळीस टेबलक्लॉथ शाईत बुडवल्यासारखे निळे-काळे. कोरड्यावर कोरडं, काही नाही. ओल लागली, की रंग चढला.

ओल लागली की!

थोरलीच्या छातीत असा काही ठोका पडला, की तिने टबाची कड धरली.

"पोरी!" ती ओरडली. लेक धावत आली. "कपाटातली आयोडीनची बाटली आण. कापूस आण. पीठ चाळायचं फडकं आण. आणि तुझ्या नवऱ्याला बसव इथे!"

"आई, काय करतेयस?"

"रंगवतेय त्याला!"

जावई स्टुलावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो थोरलीच्या स्टुलावर बसला होता, आणि त्या भीतीनेच बहुधा काही बोलला नाही. डोळ्यांपासून दूर राहून लेकीने त्याचं कपाळ, गाल, नाक, हनुवटी आयोडीनने रंगवली. दोन्ही तळवेसुद्धा. थोरली पुठ्ठ्याने वारा घालत होती, "वाळू दे, पुरतं वाळू दे" म्हणत. मग तिने खळीचं कोरडं पीठ पुरचुंडीत घेऊन त्याच्या चेहऱ्यावर आपटलं. पीठ उडालं. जावई दोनदा शिंकला.

"नाटकात घेताय काय त्यांना, मालकीणबाई?" पैलवानाने विचारलं.

"तू गप. प्रेस चालू कर आणि वाफ सोड!"

सगळ्या प्रेस थांबल्या, एक सोडून. सगळी माणसं गोळा झाली. तो पांढऱ्या तोंडाचा माणूस वाफेपासून चार पावलांवर बसला होता आणि पन्नासेक डोळे त्याच्यावर खिळले होते. एक मिनिट, दोन. कुणीतरी खुसखुसलं. तिसऱ्या मिनिटाला डाव्या भुवईच्या वर मोहरीएवढा एक निळा ठिपका उमटला.

"आला!" थोरली ओरडली.

त्याच्या शेजारी दुसरा. मग गालावर चार. मग ठिपके एकमेकांना भेटायला लागले, पसरले, आणि बघता बघता डावं कपाळ, डावा गाल, नाकाची डावी बाजू शाईसारखी निळी-काळी झाली. उजवीकडे एकही ठिपका नाही. नुसतं तपकिरी-पांढरं, सुकं पीठ. केसांपासून हनुवटीपर्यंत अशी सरळ रेघ, की पैलवानाचं हसू अर्ध्यातच विरलं. जावयाने तळवे उलटे केले. डावा निळा, उजवा कोरा.

"देवा रे," लेक पुटपुटली.

थोरलीच्या तोंडाला कोरड पडली होती आणि डोळे लकाकत होते. भीती की आनंद, तिचं तिलाच कळेना. "आता म्हणू दे कुणाला, पंख्याची हवा लागली! गाडी काढ, पैलवान! आणि जावईबापू, तुम्ही तोंडाला हात लावाल तर खबरदार!"

चादरी पोचवायची गाडी त्या दिवशी चादरींशिवाय निघाली. जावई मधे, दोन्हीकडे मायलेकी. चौकात शेजारच्या स्कूटरवाल्याने सहज वळून गाडीत बघितलं आणि हिरवा दिवा लागला तरी हललाच नाही. मागून सगळे भोंगे वाजवायला लागले.

"आई," जावई म्हणाला, "तोंडावर उशीचा अभ्रा घालू का?"

"घाला. पण टेकवू नका, रंग पुसेल."

मोठ्या दवाखान्याच्या दर्शनी दाराला रांग होती आणि रांगेत महिन्यानंतरच्या तारखा मिळत होत्या. पण थोरलीला दर्शनी दाराशी काय करायचंय? वीस वर्षं ती मागच्या दाराने, चादरींच्या गाड्याबरोबर आत जात होती. आजही तिने रिकामा गाडा ओढला, जावयाला त्याच्या मागे उभं केलं आणि निघाली.

"आजी, भेटीची वेळ संपली," पहारेकरी म्हणाला. तो नवा होता.

"आजी तुझ्या घरी. मी चादरीवाली. तू रोज ज्या पांढऱ्या कॉलरवर एवढी मान ताठ ठेवतोस, ती माझी खळ आहे. सर बाजूला!"

तो सरला. दुसऱ्या मजल्यावर मज्जातंतूंच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई हातात बिस्कीट घेऊन उभ्या होत्या. बिस्कीट चहात बुडवलेलं, तोंडाशी नेलेलं. थोरलीने अभ्रा वर उचलला. बिस्कीट चहात पडलं.

"हे... हे कुणी केलं?"

"मी," थोरली म्हणाली. आता ओरडा बसणार म्हणून तिने हनुवटी वर केली. "आयोडीन आणि खळ. घाम येतो तिथे निळं होतं. यांना अर्धाच येतो. आणि कुणी विश्वास ठेवत नाही."

डॉक्टरीणबाई दोन पावलं पुढे आल्या आणि ती रेघ न्याहाळू लागल्या. मग त्या दाराकडे वळून असं काही ओरडल्या, की थोरलीला त्या एकदम आपल्या घरातल्याच वाटल्या. "सगळे इकडे या! असाल तिथून या!"

पाच-सहा शिकाऊ डॉक्टर धावत आले.

"ही तपासणी आम्ही पुस्तकात शिकलो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणसाच्या तोंडावर मी पहिल्यांदा बघतेय. तुम्ही कुठे शिकलात?"

"डाग काढता काढता."

"दिवा बंद करा!" खोलीत अंधार झाला. डॉक्टरीणबाईंनी छोटी बॅटरी एका बाजूने धरली. "बघा, अंधारात डावी बाहुली मोठी झाली. उजवी तशीच, बारीक. पापणी खाली, बाहुली लहान, घाम नाही. तिन्ही एकाच बाजूला." दिवा लागला. त्यांचा चेहरा फुलला होता, आणि लगेच गंभीर झाला. ते गंभीर होणं थोरलीने टिपलं. तिच्या पोटात गोळा आला.

"काय झालंय? सरळ सांगा. मला घुमवून बोललेलं कळत नाही."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवलं. कागदावर पाठीचा कणा काढला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मण्यांची एकेक माळ.

"या मज्जातंतूंच्या माळा. हे तुम्हाला विचारून काम करत नाहीत. अंगावर गाडी आली, की तुम्ही विचार करायच्या आत हे सगळं सांभाळतात. छाती धडधडते, डोळे विस्फारतात, घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते, अंगावर काटा येतो, पोटातलं पचन थांबतं, सगळं रक्त हातापायांना. पळा नाहीतर लढा! आणि एरवीही यांना सुट्टी नाही. तुम्ही खुर्चीवरून उठलात तरी रक्त पायात साचू नये म्हणून हेच नसा आवळतात. यांना अनुकंपी संस्था म्हणतात."

"अनुकंपा म्हणजे दया," थोरली म्हणाली. "मग घाबरवतात कशाला? बाकी यात नवीन काय? काटा येतो, गोळा येतो, कोरड पडते, हे तर आमच्या आजीलाही ठाऊक होतं."

"बरोबर. फक्त ते सगळं एकाच तारेचं काम, हे तुमच्या आजीला ठाऊक नव्हतं." डॉक्टरीणबाईंचं बोट कागदावर फिरलं. "चेहऱ्याकडे आणि डोळ्याकडे जाणारी तार मेंदूतून निघते, मानेतून खाली छातीत उतरते, फुफ्फुसाच्या शेंड्यावरून वळते आणि परत वर डोळ्याशी जाते."

"शेजारच्या घरी जायला सगळ्या गावाला वळसा!"

"हो. आणि त्या वळणावर कुणीतरी तार दाबून बसलंय. उजव्या बाजूला. हाताचा घाम गेलाय आणि खांदा दुखतोय, त्यावरून वाटतं ते छातीच्या अगदी वरच्या टोकाला आहे. आत्ताच फोटो काढू."

फोटो आला. उजव्या फुफ्फुसाच्या शेंड्यावर, कण्याला चिकटून, एक गोल पांढरी सावली होती. लिंबाएवढी. रोज चारला थोरली जे पिळायची, तेवढीच.

"कसली गाठ?" लेकीने विचारलं.

"सुईने कण काढून तपासू. वाईट असू शकते. मज्जातंतूची स्वतःचीच, साधी गाठही असू शकते. चार दिवसांत कळेल."

निघता निघता डॉक्टरीणबाईंनी थोरलीच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, कशाला ते न सांगता, आणि काट्याकडे बघून भुवया उंचावल्या. "बाई, तुमच्या तारा तर चोवीस तास वाजताहेत. हृदय दमेल अशाने. रोज लढाई असते का घरी?"

"घरी नाही," जावई अर्ध्या निळ्या तोंडाने म्हणाला. "लाँड्रीत."

थोरलीने त्याच्याकडे बघितलं. विनोद होता! सावकाशने विनोद केला होता, छातीत लिंबाएवढी गाठ घेऊन.

ते चार दिवस थोरलीने मोठ्या प्रेसवर स्वतः काम केलं. कुणाला हात लावू दिला नाही. प्रेस अशी आपटायची, की पत्रे थरथरायचे. चारला वाफ सोडली, पण कपाळं तपासली नाहीत. लिंबूपाणी सगळ्यांना सरसकट मिळालं आणि पैलवानाला ते कडू लागलं.

"आई, मोठी प्रेस पैलवानाला देणार होतीस ना?" लेकीने तिसऱ्या दिवशी विचारलं.

"देणार होते."

"तू त्याला लबाड म्हणालीस. सगळ्यांसमोर. ते परत घे."

"आधी तो परत येऊ दे," थोरली म्हणाली, आणि तिचा आवाज मधेच चिरला. तिने खाकरून तो वाफेवर ढकलला.

पाचव्या दिवशी सकाळी तिघं दवाखान्यात बाकावर बसली होती. डॉक्टरीणबाई लांबून येताना दिसल्या. थोरलीच्या कानात बॉयलर घुमायला लागला, पाय गार पडले, जीभ टाळ्याला चिकटली. सगळी कामं एकाच तारेची, तिला आठवलं. वाज, वाज बाई, वाजून घे एकदाची.

डॉक्टरीणबाई चालत नव्हत्या. पळत होत्या. "साधी आहे!" त्या लांबूनच ओरडल्या. नर्सनी माना वळवल्या. "मज्जातंतूचीच गाठ! वाईट नाही!"

लेक जावयाच्या गळ्यात पडली. जावई म्हणाला, "हळू, हळू, खांदा." थोरली उठून उभी राहिली, तिच्या नसा आवळल्या असतील नसतील, पण डोळ्यांसमोर अंधारी आली आणि ती परत बसली.

"पण काढायला हवी, आणि लवकर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती कण्याच्या फटीतून आत शिरायला लागली होती. अजून वर्षभर राहिली असती, तर पाय गेले असते. खांदेदुखी म्हणून शेकत बसला असतात तुम्ही. त्या निळ्या रेघेनं वाचवलं. एकच सांगते, गाठ तारेवरच उगवली आहे. गाठीबरोबर तारेचा तो मणी जाणार. घाम परत येणार नाही. पापणीही थोडी खालीच राहील."

"राहू दे," थोरली म्हणाली. "उरलेला सगळा माणूस द्या."

बगलेखाली तीन छोटी भोकं पाडून गाठ निघाली. सहा आठवड्यांनी जावई हॉलमध्ये आला. मोठ्या प्रेसच्या गादीवर नवा कपडा ताणून बसवला होता, कोपऱ्याला कोपरा जुळवून. तो कुणी जुळवला ते कुणी विचारलं नाही. त्याने एक टेबलक्लॉथ काढला, उजेडात धरला, उलटा करून बघितला. पैलवान म्हणाला, "आला बाबा सावकाश," आणि पटकन् जीभ चावली. जावई हसला. त्याला हे नाव आधीपासून ठाऊक होतं.

चारला वाफ सुटली. सवयीने सगळे ओळीत उभे राहिले. थोरली एकेक कपाळ बघत पुढे सरकली. ओलं. ओलं. पैलवान, महापूर. मग ती जावयासमोर थांबली. डावं कपाळ चकाकत होतं. उजवं कोरडं ठणठणीत.

"त्या मंगळवारी मी म्हणाले होते, यांनी पाणी शिंपडलं," थोरली मोठ्याने म्हणाली. "नव्हतं शिंपडलं."

एवढंच. पण तिला ओळखणाऱ्यांना कळलं, की हे वाक्य बाहेर काढायला तिला सहाही प्रेसची वाफ लागली होती.

"आजपासून यांचं अर्धं कपाळ पुरं धरायचं," ती पुढे म्हणाली. "आणि जावईबापू, गिऱ्हाईक आलं की डाव्या बाजूने उभे राहा. परवा घरी चौकशीला आली होती ना, त्या हॉटेलवाल्या बाईला वाटलं तुम्ही डोळा मारताय. दुप्पट कापड पाठवलंय तिने."

हशा पिकला. त्या हशात जावयाने लिंबूपाण्याचा पेला घेतला, पण प्यायला नाही.

"आई," तो म्हणाला, "तुमचं कपाळ दाखवा."

हशा तुटला. तीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. पैलवानाने पुन्हा पोट आत घेतलं.

"माझं? मी कुठे प्रेसला हात लावलाय आज? सकाळपासून दाराशी गार वाऱ्यात बसलेय."

"दाखवा तर."

ती उजेडाकडे वळली. कपाळ ओलं होतं. दोन्हीकडून. भुवयांतून थेंब उतरत होते, ओठांच्या वर दव साचलं होतं. तिने दोन्ही तळवे कपड्यावर पुसले आणि ते लगेच पुन्हा ओले झाले.

"काम न करता घाम!" पैलवान हादरून म्हणाला. "मालकीणबाई, कायद्याने तुम्हाला..."

"तुझ्या कायद्याला आग लागो," थोरली म्हणाली.

जावयाने आपला पेला तिच्या हातात दिला. तिने तो एका दमात रिकामा केला आणि उरलेलं अर्धं लिंबू त्याच्या पेल्यात पिळायला घेतलं. हात घामाने इतके निसरडे झाले होते, की लिंबू दोनदा सुटलं.